टमरेल घेऊन पठारावर

आम्ही गेलो ते ठिकाण आमच्या निघोज्याहून गाडीनं दोन-अडीच तासांवर आहे, म्हणजे फार लांब नाही. परत आल्यावर आळीतल्या बायका भेटायला आल्या. हवा कशी होती, भीती वाटली का, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकीनं आवाज खाली करून एकच विचारलं, "मग तिथं जायची सोय काय होती?" दहा जणींना दहा वेळा सांगून घसा बसला, म्हणून वहीत लिहून काढते. सोय काय होती तेच सांगणार आहे. डोंगर, पाणी, जेवण मधे मधे येईल.

माझी नात गौरी गेल्या वर्षापासून शनिवार-रविवारी बायकांना जीपमधून डोंगरावर नेते. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. म्हणजे चांगला रस्ता असताना मुद्दाम तो सोडून खाचखळग्यातून जायचं. गावाला रस्ता यावा म्हणून आमच्या पिढीनं अर्ज केले, खेटे घातले. आता नात लोकांना हौसेनं चिखलात घालते. चालायचंच.

तिच्याबरोबर तरण्या मुली येत. चाळिशीच्या पुढची बाई एकही येत नव्हती. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. एके दिवशी गौरी माझ्या खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तू बाहेर जायचीस तेव्हा नेमकं काय काय करायचीस?"

मला वाटलं चेष्टा करते.

"हसत नाहीये मी," ती म्हणाली. "मी तंबू घेतलाय, खुर्ची घेतलीय, सगळं घेतलंय. तरी मम्मी येत नाही. मम्मी आली तरच मी म्हणणार की मला हे जमलं."

मम्मी म्हणजे माझी सून सुनंदा. आता तिचं सांगायला हवं.

आमच्या घरात संडास झाला तो सुनंदा लग्न होऊन आल्यावर सात वर्षांनी. त्याआधी बायका ओढ्यापलीकडच्या रानात जात. त्याला गोदरी म्हणायचे. पुढं एमआयडीसी आली आणि त्या रानावर एक कंपनी उभी राहिली. सुनंदा आज त्याच कंपनीत लाइनवर कामाला आहे. जिथं आम्ही टमरेल घेऊन बसत होतो तिथं आता फरशी बसवलेले आठ संडास आहेत, असं ती सांगते. पण लाइन सोडून जायचं तर जागेवर दुसरं माणूस उभं करावं लागतं, आणि ते माणूस मागायला हात वर करावा लागतो. सुनंदा हात वर करत नाही. शिफ्टभर पाणीच पीत नाही.

त्यापायी तिला एका वर्षात दोनदा लघवीचा त्रास झाला. थंडी वाजून ताप, कंबरेत कळा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाणी पीत जा आणि धरून ठेवू नका, तिसऱ्या वेळी मूत्रपिंडावर जाईल. तरी फरक नाही. बार्शीला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न झालं, ही गेली नाही. सहा तासांची एसटी, मधे जायची सोय काय, म्हणून घरी बसली आणि दिवसभर भांडी घासत होती.

हे तिला कंपनीनं शिकवलेलं नाही. कंपनीत जायच्या आधीपासून तिला ते येत होतं. कुणी शिकवलं ते पुढं सांगते.

गौरीला मी म्हणाले, "मी येते. मंग तिला यावंच लागंल."

"आजी, तुझे गुडघे?"

"गुडघं घरी ठिवून येते."

शनिवार, निघायच्या आधी

आम्ही सात जणी, दोन जीप. एक गौरीची. दुसरी रुखसानाची. रुखसानाच्या वडिलांचं चाकणला गॅरेज आहे आणि आता गाड्यांखाली तीच झोपते. पस्तिशीची बाई, हाताला ग्रीस, बोलणं सरळ. तिच्या गाडीत पुनावळ्याच्या सोसायटीतल्या दोघी बहिणी आणि सुनंदाच्या लाइनवरची मीना. मीना लातूरकडची, तिचं तोंड एक मिनिट बंद नसतं. आमच्या गाडीत गौरी, मी आणि सुनंदा.

गौरीनं सामान अंगणात मांडून दाखवलं. उभा उघडणारा एक अरुंद तंबू. मधे भोक असलेली घडीची खुर्ची. खुरपं. सुताराकडून आणलेला भुसा, पोतंभर. झाकणाचा डबा. तोटी असलेला वीस लिटरचा कॅन, आणि त्या तोटीला जुन्या मोज्यात घालून बांधलेला साबण, म्हणजे तो मातीत पडत नाही. ही मोज्याची युक्ती मला आवडली.

"समदं हाय," मी म्हणाले. "टमरेल कुठं हाय?"

"आजी, टिश्यू आहेत ना."

"कागदानं आमचं भागत न्हाई. आन् तो कागद डोंगरावर उडत बसतो. गेल्या वेळचा उडत असंल अजून."

मी माझं ॲल्युमिनियमचं टमरेल घेतलं. दुसरं भांडण जेवणावरून झालं. गौरीनं आदल्या रात्रीच नूडल्स आणि चीजची पाकिटं भरली होती. मीनानं खर्डा आणला होता, तो बघूनच माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी सांगितलं, बाहेर जायचं असेल तर आदल्या दिवसापासून पोट सांभाळायचं असतं. ज्वारीची भाकरी, मऊ भात, दही, केळी. आमच्या वेळी नव्या नवरीला सांगायचे, रात्री हरभऱ्याची उसळ खाऊ नकोस. त्यामागं वैद्यकी नव्हती, अंधारात ओढा ओलांडायचा होता. खर्डा मी माझ्या पिशवीत खाली घातला. रविवारी दुपारी, परतीच्या वाटेवर मिळेल, असं सांगितलं. मीना म्हणाली, "आज्जी, तुमी तं आमच्या सुपरवायजरपेक्षा कडक हाव."

सुनंदा बाजूला उभी होती. तिच्या हातात पाण्याची बाटली भरलेली होती. ती बाटली मी बघून ठेवली.

धरणाच्या वरची चढण

चाकण मागं पडलं, कंटेनरच्या रांगा संपल्या, आणि भामा नदीचं खोरं लागलं. मी इतकी वर्षं इथून जवळ राहते पण धरण कधी बघितलं नव्हतं. पाणी पुष्कळ आहे. काठावर बगळे उभे. भाताची खाचरं कापून झालेली, डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं. एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला गौरीनं संडासाचं विचारलं तर त्यानं हात करून आख्खा डोंगर दाखवला.

तिथं मी बघितलं, सुनंदानं चहा घेतला नाही. "नको वाटतोय," म्हणाली. मग बाटली घेऊन ती बाभळीमागं गेली आणि येताना बाटली अर्धी झाली होती. मी बाभळीच्या बुंध्याशी जाऊन बघितलं तर माती ओली. पाणी ओतून दिलं होतं. गौरीनं विचारलं तर अर्धी बाटली प्याले म्हणून दाखवायला.

ही युक्ती मला ओळखता आली, कारण मीही नवीन होते तेव्हा पेल्यातलं पाणी चुलीमागं ओतत असे.

डांबरी संपली आणि चढण सुरू झाली. रुखसानाची गाडी पुढं गेली. आमची निम्म्यावर अडकली. वाटेत झऱ्याचं पाणी पसरून चिखल झाला होता, मागचं चाक त्यात बसलं. गौरीनं दोनदा जोर लावला तसं ते आणखी खाली गेलं. फोन लागला, रुखसाना म्हणाली, "हात नका लावू आता. गाडी वर लावते, दोर घेऊन चालत येते. अर्धा तास."

दुपारचे बारा वाजले होते. आणि मला लागली.

तंबू, खुर्ची, खुरपं सगळं रुखसानाच्या टपावर. आमच्याकडं टमरेल आणि कॅन. झाड म्हणाल तर कमरेएवढ्या करवंदीच्या जाळ्या. गौरी घाबरली. "आजी, अर्धा तास थांबतेस का?"

"न्हाई थांबत. या वयात थांबलं की काय हुतं ते तुला धुवावं लागंल."

मी टमरेल भरून घेतलं आणि सुनंदाला म्हणाले, "चल. तू राखणीला ऱ्हा."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "आत्या, दिवसाढवळ्या?" आमच्याकडं सून सासूला आत्याच म्हणते.

"व्हय. दिवसा सापबी दिसतो आन् खड्डाबी दिसतो."

वाटेपासून वीस पावलांवर एका जाळीआड गेलो. झरा खालच्या अंगाला होता, म्हणून मी वर सरकले, पाण्यापासून चांगली लांब. चपलेच्या टाचेनं आणि दगडानं खड्डा केला. गुडघ्याचं म्हणाल तर एका हातानं करवंदीचं खोड धरलं आणि बसले. सुनंदा वाटेच्या कडेला पाठ करून उभी.

आता आमच्या पिढीच्या बायकांना एक सवय आहे ती सांगते. गोदरीला बसलेलं असताना रस्त्यावरून गाडी आली, उजेड पडला, माणसाचा आवाज आला, की सगळ्या जणी ताडकन उभ्या राहतात. झालं असो नसो. गाडी गेली की पुन्हा बसायचं. एका वेळी पाच-सहा वेळा. चाकणला कंपन्या आल्या तेव्हा रात्रभर ट्रक चालायचे, आम्ही नुसत्या उठत-बसत होतो.

खालच्या वळणावर इंजिनांचा आवाज आला. एक नाही, तीन. आणि चाळीस वर्षांची सवय, मी उभी राहिले. म्हणजे राहायला गेले. गुडघा अर्ध्यात अडकला, खोड हातातून सुटलं, टमरेल कलंडलं, पाणी गेलं, आणि मी धड बसलेली नाही की उभी नाही अशी हातावर पडले. काटे लागले ते वेगळेच.

सुनंदानं वळून बघितलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हा ती ओरडली, "बसा आत्या! उठायचं न्हाई!"

आणि ती वाटेच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

पुढची जीप तिच्यापासून दहा हातांवर थांबली. चांगले गॉगलवाले पुरुष, सहा-सात जण. एकानं डोकं बाहेर काढलं. "काय झालं काकू? काय प्रॉब्लेम हाय का?"

"व्हय, हाय. गाडी बंद करा."

"अहो, पण चढावर गाडी..."

"बंद करा म्हनते ना. पलीकडं बाई बसलीय. समद्यांनी खाली उतरा आन् धरणाकडं तोंड करून उभं ऱ्हावा. मी सांगंपत्तूर वळायचं न्हाई."

मागच्या गाडीतून कुणीतरी ओरडला, "काय राव, ट्राफिक का?" पुढच्यानं त्याला सांगितलं, "गप ए. उतर. पाणी बघ." आणि खरंच ते सगळे उतरले आणि ओळीनं धरणाकडं तोंड करून उभे राहिले. मी जाळीतून बघत होते. इतके पुरुष माझ्यासाठी पाठ फिरवून उभे आहेत, हे मी पहिल्यांदा बघितलं. आजवर उठायचं काम आमचं होतं.

गौरी धावत दुसरं पाणी घेऊन आली. मी सावकाश आवरलं, माती लोटली, वर दगड ठेवला, साबणानं हात धुतले. घाई केली नाही. मग सुनंदानं हाक मारली, "झालं. वळा आता."

एवढ्यात रुखसाना दोर घेऊन वरून आली. पुरुष पुढं सरसावले, "ताई, आम्ही ओढतो." तिनं त्यांना दोर कुठं लावायचा तेवढं दाखवलं आणि बाकी स्वतः केलं. गाडी निघाली. त्या लोकांचा मुक्काम त्याच पठारावर, पण दुसऱ्या टोकाला होता.

पुढं गाडीत बसल्यावर मी सुनंदाला म्हणाले, "पाणी पी आता."

"नको आत्या. तहान न्हाई."

माझ्यासाठी तिनं तीन गाड्या अडवल्या आणि स्वतःसाठी घोटभर पाणी पिईना. मला राग आला. तिचा नाही.

पठारावर

वर पोचल्यावर गौरीनं तंबू लावला आणि मी तो काढायला लावला. तिनं तो सपाट जागेवर, वाऱ्याच्या अंगाला लावला होता. वारा तिकडून येणार आणि आम्ही इकडं जेवायला बसणार. जागा निवडायची ती वारा, उतार आणि पाणी बघून. वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पठारावरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्यापासून दोनशे पावलं लांब, आणि पावसाचं पाणी वाहून जातं त्या घळीत नाही. खड्डा कोपरापर्यंत हात जाईल एवढा खोल. एकदा जाऊन आलं की ओंजळभर माती आणि मूठभर भुसा. वास नाही, माशी नाही. खुर्ची मात्र गौरीची चांगली. माझ्या गुडघ्यांनी तिला आशीर्वाद दिला.

पॅड पुरायचे नाहीत हे गौरीनं सगळ्यांना बजावलं. ते कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, आणि डबा परत घरी. पुनावळ्याच्या धाकट्या बहिणीला तिथंच पाळी आली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "डबा कुठंय?" मला बरं वाटलं. आमची कापडं आम्ही इतकी लपवून वाळवायचो की ती वाळतच नसत.

मी एकच नियम वाढवला. जोडीनं जायचं. एक आत, एक बाहेर पाठ करून. गोदरीत चांगलं म्हणाल तर काही नव्हतं. साप होते, डुकरं होती, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल, आणि पोरांना सारखी हगवण. कुणी त्या दिवसांचं कौतुक करायला लागलं तर मी त्याला आषाढात पाठवीन. पण एक होतं, एकटी कुणी जात नव्हती. तेवढंच उचलून आणण्यासारखं.

दिवस मावळायला आला. रुखसानानं चुलीवर अंड्याचं कालवण केलं, भाकरी मी थापल्या. पुनावळ्याची थोरली बहीण तंबूत गेली, बाहेर मीना राखणीला. अंधारायला लागलं म्हणून थोरलीनं आत बॅटरीचा दिवा नेला. मी भाकरी उलटताना सहज मान वर केली आणि बघते तर तंबूचं कापड पिवळं उजळलेलं आणि त्यावर बाईची सावली, सगळी, नाकासकट. मीना बिचारी पाठ करून इमानदारीनं उभी, तिला काय दिसणार.

"दिवा बाहेर ठिव गं!" मी ओरडले. "आख्ख्या पठाराला दिसतंय!"

आतून किंचाळी आली, सावली उडाली, दिवा विझला. आम्ही हसून लोळलो. रुखसाना म्हणाली, "अल्ला, मोठ्या पडद्यावर आली बाई." दिवा आत टांगायचा नाही, दाराबाहेर जमिनीवर ठेवायचा, हा धडा गौरीनं लगेच वहीत लिहिला.

सुनंदा हसली नाही. ती शाल गुंडाळून गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. ताटात भाकरी तशीच. मी जवळ गेले तर ओठ कोरडे आणि अंगात हलकी थरथर.

"जळजळतंय?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

रुखसानानं कपाळाला हात लावला. "ताप नाही अजून. पण आजी, ताप आला तर मी लगेच गाडी काढणार. अडीच तासांत दवाखाना."

गौरी चुलीशी उभी होती. तिचा चेहरा पडला. "मीच आणलं तिला," ती म्हणाली. "नको नको म्हणत होती, मीच ओढून आणलं."

"तू न्हाई," मी म्हणाले. "तू भाकरी बघ. करपतीय."

मी सुनंदाशेजारी बसले. समोर लांबवर चाकणचा उजेड दिसत होता. त्यातच कुठंतरी तिची कंपनी आणि आमची गोदरी. मी तिला म्हणाले, "मी तुला त्या दिवशी बसवून ठिवलं हुतं."

"कवा?"

"तुला म्हाईत हाय कवा."

ती चाकणच्या उजेडाकडं बघत म्हणाली, "मामंजी ओट्यावर बसले होते. शेंगा सोलत."

लग्नाला महिनाही झाला नव्हता तिच्या. भर दुपारी ती माझ्याकडं येऊन हळूच म्हणाली, आत्या, मला जायचंय. माझे मालक ओट्यावर बसलेले. त्यांच्यासमोरून सून टमरेल घेऊन जाणार हे मला नको होतं. मी म्हणाले, दिवस मावळू दे. दुपारचं पाणीच पिऊ नये, म्हणजे असं होत नाही. ती चुलीपाशी गुडघे जवळ घेऊन दिवस मावळेपर्यंत बसली. रडली नाही. मी तांदूळ निवडत तिच्यासमोर होते. मला सगळं दिसत होतं. माझ्या सासूनं मला हेच केलं होतं, म्हणून मला वाटलं, असंच असतं. त्या दिवसापासून तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आम्ही दोघी एका घरात राहिलो, पण त्या दुपारचं कधी बोललो नाही.

"माझं चुकलं तवा," मी म्हणाले. "तुला चुकीचं शिकवलं. तू लई नीट शिकलीस."

तिनं ताट बाजूला सारलं.

"तुझे मामंजी जाऊन बारा वर्सं झाली. ओट्यावर आता कुणीबी न्हाई. कुणाच्या भ्यानं धरून बसलीस?"

तिला हसू आलं. आधी थोडं, मग चांगलंच. "आत्या, तुमी पन," म्हणाली. मी टमरेल घेतलं, राखेनं घासून धुतलं आणि कॅनमधून काठोकाठ भरून तिच्या हातात दिलं.

"हे? यातून?"

"धुतलंय. पी."

ती प्याली. थांबत थांबत, पण सगळं प्याली. मी दुसरं भरलं. तेही प्याली. गौरी हातात उलथनं घेऊन बघत होती, जवळ आली नाही. पोरगी शहाणी आहे.

अर्ध्या तासानं सुनंदा उठली. मी तंबूबाहेर दगडावर बसले, दिवा जमिनीवर, पाठ तंबूकडं. आतून ती म्हणाली, "आत्या, हायसा ना?"

"हाय. सावकाश हुं दे. मला काय काम न्हाई."

रविवार

ताप आला नाही. रात्रीत ती चार वेळा गेली आणि चारही वेळा तिनं मला उठवलं. माझी झोप मोडली याचं मला काही वाटलं नाही, पण चौथ्या वेळी तिनं मीनाला उठवलं असतं तरी चाललं असतं. सकाळी जळजळ कमी होती. तिनं आपणहून चहा मागितला आणि वर पाणी प्याली. तरी परत गेल्यावर डॉक्टरकडं जायचं, हे रुखसानानं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

उन्हं वर आली तसा कालच्या पुरुषांपैकी एक जण आमच्याकडं आला. लांबूनच खोकत, हाका मारत आला, हे मी मुद्दाम सांगते. रहाटणीचा होता, पन्नाशीचा. टोपी काढून म्हणाला, "काकू, तो तंबू जरा बघायला मिळंल का?"

"कशाला?" सुनंदानं विचारलं.

"आमची मंडळी कधी येतच न्हाईत बघा. मी म्हणायचो, डोंगर आवडत न्हाई तिला. काल उभा होतो ना पाण्याकडं तोंड करून, तवा डोक्यात आलं की आपण कधी विचारलंच न्हाई."

सुनंदानंच त्याला सगळं दाखवलं. खड्डा केवढा, भुसा किती, वारा कुठून, दिवा कुठं. मोज्यातला साबणसुद्धा दाखवला. गौरी तोंड उघडायला गेली तर मी तिचा दंड धरला. शेवटी सुनंदा त्याला म्हणाली, "आन् तुमी समदे असलात की पाठ करून उभं ऱ्हायचं. ते तंबूपरीस महत्त्वाचं." तो म्हणाला, "व्हय काकू. ते कालच शिकलो."

निघताना खड्डे बुजवले, वर वाळलं गवत टाकलं. झाकणाचा डबा टपावर बांधला. आम्ही तिथं राहिलो होतो हे फक्त चुलीच्या काळ्या दगडांवरून कळलं असतं, ते मीनानं उलटे करून ठेवले. उतरताना झऱ्याच्या चिखलात पुन्हा चाक बसेल असं वाटलं, पण गौरीनं या वेळी कडेचा खडक धरून गाडी काढली. धरणाच्या काठी बसून खर्डा आणि भाकरी खाल्ली. आता घर जवळ होतं.

घरी

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाच दिवसांत सुनंदा बरी झाली. त्यानंतरच्या सोमवारी दुसऱ्या पाळीला जाताना तिनं बाटली भरून नेली. त्यातलं पाणी कुठं गेलं ते मी कशाला बघू, पण मीनानं घरी येऊन सांगितलं, "आज्जी, सात वाजता ताईनं लाइनवर हात वर केला. सुपरवायजर म्हनला, काय झालं? ताई म्हनली, काय न्हाई, जायचंय. आख्ख्या लाइननं ऐकलं. मंग मी बी केला." आता दोघी एकमेकींची जागा धरतात. जोडीचा नियम तिथंही चालला.

गौरीच्या पुढच्या फेरीला रहाटणीच्या चौघी येणार आहेत, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. गौरीनं मला विचारलं, येतेस का? मी म्हणाले, खुर्ची असेल तर येते.

तर सोय अशी होती. तंबू, खुर्ची, खुरपं, भुसा, साबण, झाकणाचा डबा आणि पाठ करून उभी राहणारी एक बाई. ज्यांना यायचं त्यांनी या. टमरेल आपापलं आणा, माझं मी देणार नाही.

बार्शीच्या भाचीला मुलगी झाली. पुढच्या महिन्यात बारसं आहे. सुनंदानं एसटीचं तिकीट काढलं, दोन लिटरची बाटली विकत आणली, आणि गाडी कुठं कुठं थांबते ते कंडक्टरला आधीच विचारून आली. मी म्हणाले, "राखणीला येऊ का मी?"

ती पिशवी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "नको आत्या. तुमी तुमचं गुडघं सांभाळा. मला यतं आता."